बाबांचं नारळपाणी

दीप्ती,

आजाऱ्याला नारळपाणी म्हणजे अमृत, असं आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. आज ते अमृत बाबांच्या श्वासनळीत गेलं.

लकव्यानंतर पातळ काही द्यायचं नाही, पावडर घालून दाट करूनच पाजायचं, हे मी जनाआत्याला बजावलं होतं. ती म्हणते, "पाण्याले कोणी दाट करते काय गा?"

तुझा फोन घरीच राहिलाय, म्हणून ही चिठ्ठी. आम्ही धंतोलीच्या दवाखान्यात निघालो, तू तडक तिकडेच ये. पिंकीला शेजारी ठेवलंय. बाबांची छाती घरघरतेय. मला खरंच भीती वाटतेय.

आत्याला सोबत नेतोय. "बाबा, खोका," असं मी कितीदा विनवलं, ते नुसते बघत राहिले. ती खेकसली, "शंकर, खोक ना गा!" तेव्हा खोकले.