फॉग लॅम्पचा स्विच आणि राजाभाऊंचे कारस्थान

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार
अखेर विषय निघाला. ह्यांनी आणि धाकट्या भावाने, राजाभाऊंनी, मिळून घेतलेली फियाट. हे गेल्यापासून मीच चालवते. राजाभाऊ शेजारच्या घरात राहतात. म्हणाले, "वहिनी, चिपळूणचे डॉक्टर गाडी मागतायत. तुमचंही आता वय झालं." माझे वय! स्वतः घाटी चढताना दोनदा बसतात.
मी अट घातली. सोळाला खेडला त्यांच्या नातवाची मुंज, मुहूर्त नऊ बावन्न. पहाटे पाचला निघून त्यांना वेळेत पोचवीन. पोचवले तर गाडी राहील, नाही तर डॉक्टरांची. म्हणाले, "घरची मंडळी आदल्या दिवशी जातील. मी तुमच्यासाठी मागे राहतो." किती गोड बोलतात!
अडचण एकच. संगमेश्वरच्या खोऱ्यातले धुके. फॉग लॅम्प बसवणार.

५ फेब्रुवारी
गंगारामकडे गेले. गाड्यांची वायरिंग करतो. दिवे पिवळे, उत्तम. स्विच तीन दाखवले. एक ओढायचा, आत लाल दिवा असलेला. एक दाबायचा. एक साधा खटक्याचा. गंगाराम म्हणे, बाई, लाल दिव्याचा घ्या, लाइट चालू ऱ्हायली तर समजते. म्हटले, दिवा लागलाय हे सांगायला आणखी एक दिवा कशाला? मला डोळे आहेत. तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, शेवटची आठ सुपरवायझर. रत्नागिरीतली निम्मी भांडणे माझ्या खटक्यांवरून गेली. मला स्विच शिकवू नये.
खटक्याचा घेतला.

६ फेब्रुवारी
वायरिंग. गंगाराम पुन्हा हट्टाला पेटला. म्हणे, लाइन चावीवरून घेतो, म्हंजे चावी काढलीत की दिवे आपसूक बंद. म्हटले, थेट बॅटरीवरून घे. गॅरेज म्हणजे जुना गोठा, आत भरदुपारी काळोख. गाडी बंद केल्यावर मला उतरायला उजेड नको? म्हणाला, मग इसरू नका म्हंजे झाला.
इसरू! मी!
स्विच स्टिअरिंगखाली बसवून घेतला, कुणाच्या नजरेस पडणार नाही असा. गंगाराम तोंड पाडून गेला. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत असे तोंड केले की सिस्टर अ‍ॅग्नेस कोपऱ्यात उभे करत.

८ फेब्रुवारी
संपूर्ण यश. बाजारातून आले, चावी काढली, दिवे चालूच. पिवळ्या उजेडात सावकाश पिशव्या काढल्या, दार ओढून घेतले, घरात आले. इतकी सोय आजवर कुणाला कशी सुचली नाही?

११ फेब्रुवारी
सकाळी गाडी दोनदा कण्हली, मग सुरू झाली. पाल चुकचुकली.
सखू, माझी कामवाली, भांडी घासता घासता म्हणाली, बाय, राजाभाव रोज तिन्हीसांजेला तुमच्या गॅरेजात जातात. लगेच भायेर येतात नि तुमच्या खिडकीकडे बघतात. विचारले, हातात काय असते? काय नाय, म्हणे. पण आत आधी पिवळा उजेड असतो, ते आले का जातो.
उजेड असणारच. चोर विजेरी घेऊनच येतो.

१३ फेब्रुवारी
सगळे जुळले. राजाभाऊ बॅटरीशी काहीतरी करतात, सोळाला गाडी चालू नये म्हणून. नातवाच्या मुंजीला मुकतील, पण वहिनीला हरवतील! अंगणात सरळ विचारले, भावजी, गॅरेजमध्ये काय काम असते? गडबडले. "काही नाही, वहिनी. सहज. दार नीट लागलंय का बघतो."
सहज! पस्तीस वर्षे ह्या माणसाला भाऊबीजेला ओवाळले.

१४ फेब्रुवारी
पायीच बाजारात जाऊन सात लिव्हरचे कुलूप आणले. किल्ली माझ्या कमरेला. राजाभाऊ कुलपाकडे बघत उभे. "वहिनी, एक सांगू का?" म्हटले, परवा मुहूर्तानंतर सांगा.

१५ फेब्रुवारी
त्यांची मंडळी खेडला गेली. ते मागे. मी पेट्रोल भरले, हवा भरली, काच पुसली. संध्याकाळी पाचला गाडी आत लावली, दिव्यांच्या उजेडात लाडवांचा डबा आणि आहेर मागच्या सीटवर ठेवला, कुलूप घातले. दोनदा ओढून बघितले.
सहाला राजाभाऊ दारात. "वहिनी, पाच मिनिटं किल्ली द्या. तो दिवा..." म्हटले, दिव्याची काळजी मी करते. दार लावून घेतले. चेहरा पडला होता. कारस्थान फसल्यावर पडतोच.

१६ फेब्रुवारी, रविवार, पहाटे ५.१०
खट्. बस, एवढेच. पुन्हा खट्. कुलूप शाबूत, गाडी मेलेली.
राजाभाऊ दार उघडून वाकले, काळोखात स्टिअरिंगखाली हात घातला. हात नेमका स्विचवर गेला. खटका बंद केला. म्हणाले, "चला, वहिनी, एसटी मिळेल."

तीच तारीख, रात्री
खेडला पोचलो तेव्हा साडेदहा. अक्षता पडून गेल्या होत्या. वासंती, त्यांची लेक, डोळे पुसत म्हणाली, बाबा, किती वाट बघितली, गुरुजी थांबेनात. राजाभाऊ म्हणाले, एसटी पंक्चर झाली.
एसटी पंक्चर झाली नव्हती.

१७ फेब्रुवारी
गंगाराम बॅटरी चार्जिंगला घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, राजाभाव हप्त्यामागे माझ्याकडे आले होते. म्हणाले, लाइन चावीवरून करून दे, पण वैनींना कळता नये. मीच नाय म्हटलं, बाई सोलतील मला.
म्हणजे हाही सामील! राजाभाऊ आठ दिवस माझ्या पाठीमागे माझे दिवे बंद करत होते आणि मला एका शब्दाने सांगितले नाही. विश्वासघात दुसरा काय असतो?
लिहून बघितले. मघाशी मनात जेवढे बरोबर वाटत होते तेवढे वाटत नाही.

१९ फेब्रुवारी
राजाभाऊ आले. म्हणाले, "गाडी राहू द्या, वहिनी. डॉक्टरांना मी नाही म्हणून कळवतो." मुंजीचा शब्द काढला नाही. मी चार जळजळीत वाक्ये तयार ठेवली होती. एकही सापडेना. म्हटले, अट ती अट. डॉक्टरांना सकाळीच ट्रंक कॉल केलाय, रविवारी नेतील. स्विच कुठे आहे ते गंगारामला विचारा, मला विचारू नका, असेही सांगितलेय.
चहा केला. माझा कप तोंडाला लावला तेव्हा कळले, साखर घातलीच नव्हती.
त्यांनी त्यांचा संपवला होता.