सत्यशीलाच्या नळाचं अपील

३ जून. आदेश आला. नळजोडणीच्या परवानग्या एक जुलैपासून उस्मानपुऱ्यातल्या नव्या कार्यालयाकडे. साहेबांनी बजावलं, तिकडे एकही अर्ज पेंडिंग जाता कामा नये. माझ्या टेबलावर दोनशे बारा. संकल्प: प्रत्येक अर्ज शांत चित्तानं वाचणार. अर्जामागे तहानलेला माणूस असतो.

२६ जून. एकतीस झाले. वाचन सखोल चालू आहे.

३० जून. दुपारी चारला शेजारच्या टेबलावरच्या फारूखभाईंनी शिक्का दिला: 'कागदपत्रे अपूर्ण, नामंजूर.' दर शिक्क्याला, दर सहीला मनात रामनाम घेतलं. साडेपाचला टेबल रिकामं. मन प्रसन्न.

८ जुलै. घरी पत्र आलं. सत्यशीलाचा अर्ज नामंजूर. घर तिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, नावावर आहे, हे घाईत निसटलं. दोन वर्षं ती शेजारच्या गजालाभाभींच्या बोअरवरून पाणी आणते. सही कुणाची, असं तिनं विचारलं. नीट लागत नाही म्हणालो. योग्य वेळी सांगेन.

९ जुलै. तिनं अपील सांगितलं, मी लिहिलं. 'कारकुनाने अनवधानाने' असं सुचवलं. म्हणाली, "नाय. 'डोळे मिटून' लिवा." लिहिलं. अक्षर छान आलं.

१९ जुलै, शनिवार. भद्रा मारुतीला जाऊन आलो. काळजी मिटली.

२१ जुलै. जुन्या निर्णयांवरची अपिलं आमच्याच साहेबांकडे राहिली. साहेब म्हणाले, भिकनराव, सही तुमची, खुलासाही तुम्हीच द्या. अर्जदार माझी बायको आहे, हे सांगितलं. मग तर खुलासा कडक हवा म्हणाले, नाहीतर लोक बोलतील. तरी कच्चाच लिहायचा ठरवला. नळ मिळेल आणि तिला काही सांगायलाही नको.

२४ जुलै. देवापुढे बसून लिहिला. कच्चं लिहिणं हाताला जमेना. कागद सगळे होते. पण घरपट्टीची पावती दोनदा जोडल्यामुळे त्यातली ग्राह्य कोणती धरावी याचा बोध होत नाही, हा मुद्दा आपोआप सुचला. ऑफिसात तो वाचून फारूखभाई म्हणाले, "क्या बात है. भाभी हरल्याच समजा." थट्टेखोर माणूस.

६ ऑगस्ट. सुनावणी. निकाल कागदावरच लागतो, तू येऊ नकोस, असं तिला म्हटलं होतं. आली. खुलासा मलाच वाचावा लागला. आवाज कापला नाही. इतका मुद्देसूद खुलासा वीस वर्षांत ऐकला नाही, असं म्हणून साहेबांनी अपील फेटाळलं. बाहेर आल्यावर सत्यशीला म्हणाली, "हे तरी डोळे उघडे ठेवून लिवलं व्हय?"

२१ ऑगस्ट. दुसरं अपील तिनं फारूखभाईंकडून लिहून घेतलं. प्रत मला रजिस्टर पोस्टानं आली. सामनेवाला: भिकन, कारकून. पत्ता: वरीलप्रमाणे. पोस्टमनच्या कागदावर सही करायला पेन तिनंच दिलं. मग घागर दिली.