कोंबड्यांचा काढा

बाबा, मला तुमच्यावर संशय आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर संशय घेणं बरं दिसत नाही, पण कोंबड्यांनीच माझ्या डोक्यात हा किडा सोडला, त्याला मी काय करू? नेहरू नगरच्या घरामागं मी थोड्या कोंबड्या पाळल्यात. थंडी पडल्यापासून त्या चोच उघडी टाकून घरघरतात. म्हणून तुमचंच औषध केलं: अडुळसा, तुळस, लसूण, हळद, वरून गुळाचा खडा. गार करून थोडा काढा त्यांच्या भांड्यात ओतला. एकीनं चोच बुडवली, मान झटकली आणि नळाखालच्या डबक्याकडं चालती झाली. बाकीच्या जवळही फिरकल्या नाहीत. मग ओव्याची धुरी दिली, तर घरघर आणखीच वाढली. दुर्गहून जनावरांचे डॉक्टर आले, ते माझ्यावरच उखडले. "धुआँ किसने बताया? इनकी छाती के लिए तो यही सबसे बुरा है." वडिलांनी, असं म्हणायची लाज वाटली. मोबाइलवर पाहिलं म्हणालो.

तेव्हापासून कारखान्याच्या सेक्टरमधल्या आपल्या क्वार्टरमागचं ते पत्र्याचं खुराडं डोळ्यांपुढून हलत नाही. फर्स्ट शिफ्ट करून तुम्ही येता, आईकडून काढ्याचं पातेलं घेता, घमेल्यात निखारे, त्यावर ओवा, आणि वाकून आत शिरता. मी डोकावतो. "तू कावून आला इकडं? कोंबड्यांले धुरी देऊन राहिलो ना. दार लाव, धूर बाहेर जाते." मी दार लावतो. आतून घरघर ऐकू येते, मग खोकला, मग बराच वेळ काहीच नाही. लाल डोळ्यांनी तुम्ही बाहेर येता, रिकामं पातेलं मोरीत ठेवता. आणि कोंबड्या? त्या तर सगळ्या पेरूखाली माती उकरत असायच्या. हे मी रोज पाहत होतो आणि मला काहीच खटकलं नाही.

काल आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. "आपल्या कोंबड्यांले दमा होता का वं?"

"कोंबड्यांले कायचा दमा," ती म्हणाली. "मेडिकलमध्ये अनफिट केलं तं क्वार्टर जाईन, पोराची शाळा जाईन, म्हनत. मले शपथ घातली होती." मान काही वर केली नाही तिनं.

मला तुमचा भयंकर राग आला. फार उशीर केला, असं शेवटी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहून "आत्ताच सुरू झालं" म्हणालात. साफ खोटं. वेळेवर दाखवलं असतं तर माझ्या पोरीला खांद्यावर घेतलं असतं तुम्ही. आता तुमचं एकेक बोलणं मी उलटून पाहतो. सगळे सिविक सेंटरच्या बाजारात निघालो की "मले झोप येऊन राहिली" म्हणायचात, ती झोप होती, की तिथवर चालवत नव्हतं? आणि मी मागं वळूनही पाहायचो नाही.

हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगून टाकतो. या हिवाळ्यात जिना चढताना मलाही दम लागतो. घरी बोललो नाही. पोरीची परीक्षा तेवढी होऊ दे, म्हणतो. पातेल्यात उरलेला काढा फेकायला म्हणून नेला आणि मागच्या दाराशी उभ्यानंच पिऊन टाकला. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोंबड्या काढा पेल्या का?"

"पेल्या," मी म्हणालो.