शिशाचं पापलेट

शुक्रवार, १९ सप्टेंबर
जमलं! शिशाचं पापलेट! स्वप्नालीने, माझ्या नातीने, कागदावर काढलं आणि माझ्या रुपेशने अ‍ॅल्युमिनियमच्या दोन ठोकळ्यांत कोरून त्याचा साचा केला. वर्कशॉपात दुनियेचे साचे करतो, हा घरचा! गॅलरीत शेगडीवर शिसं वितळवलं, साच्यात ओतलं, उघडला — पापलेट! मग गुलाबी पावडरीत घोळवून जुन्या ओव्हनात भाजलं. पावडर कोटिंग म्हणे. आम्ही मासळी रव्यात घोळवतो, दुसरं काय! हे गळाच्या दोरीला वजन म्हणून बांधायचं. माशाला मासाच दाखवून फसवायचं. लग्नं जमवताना आम्ही हेच करतो, पण ते जाऊ दे.

सूनबाईने, मृणालीने, त्या ओव्हनावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय — जेवणासाठी नाही. अक्षर छान आहे.

शनिवार, २० सप्टेंबर
मुहर्रकला उबेदचं गळ-दोऱ्यांचं दुकान आहे. त्याने पापलेट हातावर झुलवलं. "अम्मा, और लाओ, इंशाल्ला बिकेगा!" न खपेना का! मी इथे आखातात तीन महिन्यांची पाहुणी, आणि मुलगा आठवडाभर दिसत नाही. इथली सुट्टी शुक्रवारची, पण तेव्हासुद्धा ओव्हरटाइम असायचा. आता शुक्रवारी शिसं वितळवतो, घरात असतो, माझ्याशी बोलतो. एवढ्यासाठी मी रोज धूर खाईन!

शुक्रवार, २६ सप्टेंबर
मृणाली तापली. "घरात मुलगी आहे आणि हा शिशाचा धूर! एकदा काही झालं ना, सगळं बाहेर." रुपेश हसला. मग मला म्हणतो, "आये, साच्याक पाण्याचो थेंब लागाक देव नको हां. ओल्या साच्यात शिसा ओतला तर उडता." बरं बाबा. मी आणि मृणालीने, दोघींनी ऐकलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर
दसरा! रुपेश ड्युटीवर. संध्याकाळी हत्यारांची पूजा मीच मांडली — नट पिळायचे पाने, कानशी, मधोमध साचा. गुदैबियाच्या बाजारातून झेंडू आणला होता. हळदकुंकू लावलं, तांब्यातलं पाणी शिंपडलं. साचा उघडून आतसुद्धा. सगळ्यांना द्यायचं आणि पापलेटाला कोरडं ठेवायचं? मग नीट मिटून ठेवला. पूजेचं पाणी म्हणजे काय पाणी थोडंच!

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
फाट्! शिसं पार छताला! रुपेशच्या मनगटावर दोन फोड. गॉगल होता म्हणून डोळे वाचले.

त्याने साचा उघडला. आत हळद. माझ्याकडे बघितलं. मग बायकोला म्हणाला, "माझीच चूक. साचा ओला राहिला." आणि मी? मी बर्नॉल शोधत होते. फार वेळ शोधत होते.

मृणालीने शेगडी, ओव्हन, साचा, सगळं खाली कचऱ्याच्या डब्यापाशी नेऊन ठेवलं. "खलास!"

शुक्रवार, १० ऑक्टोबर
रुपेश ओव्हरटाइमला. हाताला पट्टी बांधून. गॅलरी लख्ख. कपडे काय सुंदर वाळतात!

शनिवार, ११ ऑक्टोबर
राहवेना. मृणालीला सांगून टाकलं — पाणी मी घातलं होतं. म्हणाली, "ठाऊक आहे, आई. मी दारातून बघत होते. पुसायला फडकं पण घेतलं हातात... आणि नाही पुसलं. फोड येतील असं नव्हतं वाटलं हो!" रडली. मी जवळ घेतलं. रुपेशला सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलं.

खोटं कशाला लिहू — चूक माझ्या एकटीची नाही म्हटल्यावर मला काय आनंद झाला!