तळपायांचा शिक्षक

३ मार्च
आयुष्य बदललं ते काल, संध्याकाळी सव्वापाचला, लिफ्टसमोर ती दिसली तेव्हा. ती तिसऱ्या मजल्यावरच्या पूरक उपचार संस्थेत चालली होती. रिफ्लेक्सॉलॉजीच्या डिप्लोमाला. म्हणजे तळपाय दाबून अख्खं शरीर ताळ्यावर आणायचं. भिंतीवर नोटीस : शिक्षक हवेत. तिच्या शेजारी बसणारे छप्पन मिळतील. मी समोर उभा राहणार. निर्णय पक्का.

५ मार्च
प्राचार्यबाईंना भेटलो. डिप्लोमा हवा, तीन वर्षं प्रत्यक्ष उपचार केलेले हवेत, शिकवण्याचं प्रमाणपत्र हवं, वर विमा हवा! म्हटलं, विमा कशाला? म्हणाल्या, पाय लोकांचे असतात हो. कॉलेज अर्धवट का सोडलं, हेही विचारलं. सिस्टिमशी मतभेद, असं सांगितलं. डोकं सणकलं होतं, तरी शांत राहिलो. टेबलावर हात दोनदाच आपटला.

९ मार्च
डिप्लोमा मिळवला. ऑनलाइन, चार तासांचा. मध्ये जेवलोसुद्धा.

१२ मार्च
अनुभवाची वही सुरू. उपचारानंतर क्लायंटने स्वतःच्या हाताने अभिप्राय लिहून सही करायची असते. बाबांचे पाय घेतले. बाबांनी लिहिलं : आधी एक गुडघा दुखत होता. आई त्यांच्यावर ओरडली, अहो, पोराच्या करिअरचा प्रश्न आहे, जरा बरं लिहा की! ताई म्हणाली, आधी भांडी घास, हाताला वळण लागेल. घरात दूरदृष्टी कुणालाच नाही. लहानपणी आजोबांचे पाय चेपायचो, ती तीन वर्षं धरली.

१९ मार्च
वही वाचताना प्राचार्यबाईंना खोकल्याची उबळ आली. मग म्हणाल्या, उद्या चारला वर्गावर या, मुलांना तुमची फार मदत होईल. जिंकलो! शर्ट इस्त्रीला दिला. तिच्याकडे फक्त एकदाच बघायचं, तेही गंभीरपणे.

२० मार्च, ५.१०
वर्गाला शिक्षक नको होता. परीक्षेच्या सरावासाठी पाय हवे होते. मला खुर्चीत बसवलं. समोरच्या स्टुलावर ती! हात लावण्याआधी तब्येत विचारायचा नियम आहे म्हणे. झोप लागते का? चिडचिड होते का? नाही, असं मी ओरडून सांगितलं. मग, साऱ्या वर्गादेखत : दादा, पोट रोज साफ होतं का?
दादा!
तिने अंगठा टेकवला मात्र, मला अशा गुदगुल्या झाल्या की मी किंचाळलो. प्राचार्यबाई वर्गाला म्हणाल्या, बघा, असेही क्लायंट येतात.
अपमान सहन करणाऱ्यांतला मी नाही. बूट हातात घेतले, ताठ मानेने बाहेर पडलो. दार धाडकन आपटणार होतो. ते मेलं आपोआप, सावकाश मिटणाऱ्यातलं निघालं. शेवटी खांदा लावून मीच ढकलून बंद केलं.