संध्याकाळचा दवाखाना

३ मार्च
पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी झालो! विषय — सार्वजनिक धोरण. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच तासाला मी सरकारच्या नाकर्तेपणावर तोफ डागली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "छान बोललात काका. पण त्रास नेमका कुणाला आहे? त्या माणसाला विचारलंत?"
कपाटंच्या कपाटं वाचून काढली, पण हा साधा प्रश्न कधी आडवा आला नव्हता.

५ मार्च
बाई आज म्हणाल्या, सरकार जे करत नाही, तेही धोरणच. काय बुद्धी आहे या मुलीची!

७ मार्च
गृहपाठ — एक सरकारी निर्णय निवडा, तो जिथे लागू होतो त्या दारात तीन दिवस उभे राहा. भाषण नाही, फक्त विचारायचं.
मी माझाच विजय निवडला. ताई सरकारी दवाखान्यात नर्स. आठ वर्षांपूर्वी संध्याकाळच्या पाळीनंतर अंधाऱ्या रस्त्यावर टवाळ तिच्या मागे लागले. मी मोर्चा काढला, नगरपालिका हलवली, संध्याकाळचा दवाखाना बंद पाडला. आता तो पुन्हा उघडायचा घाट आहे. येत्या शुक्रवारी सुनावणी. विरोधात मुख्य वक्ता — मीच!

११ मार्च
तीन संध्याकाळी त्या कुलपापाशी उभा होतो. एकेचाळीस माणसं आली. शिवणकारखान्यातून सुटलेली एकजण, कडेवर तापाने फणफणलेलं पोर. "बंद आहे ठाऊक आहे हो. पण कंपाउंडर मागेच राहतात, दया आली तर औषध देतात. सकाळी आलं की हजेरी बुडते. कुणी मोठ्या माणसाने बंद केलं म्हणे."
मला तोंड वर करवेना.

१२ मार्च
ताईला बाईंचाच प्रश्न विचारला — तुला काय हवं होतं?
ती भांडी विसळत होती. "आठ वर्षांनी विचारतोयस होय रे? मी रस्त्यावर दिवे मागितले होते. आणि एक पहारेकरी. दवाखाना बंद करा असं कधी म्हटलं? पण तू एकदा माईक धरलास की तुला कोण काय सांगणार!" वर हसली!
रस्ता आजही अंधारातच. दिवे मी मागितलेच नाहीत, नगरपालिकेने लावलेच नाहीत. तेही धोरणच. बाई, तुम्हाला साष्टांग नमस्कार!

१३ मार्च, शुक्रवार
सुनावणीत माझं नाव पुकारलं. उठलो, माईक घेतला — आणि शेजारी बसलेल्या ताईच्या हातात दिला.