दारात न येता विचारतो

इव्हांकोवो,
१२ मार्च २०१९

प्रिय अंतुन,

तू आणि वहिनी तिकडे समुद्राकाठी सुखात असाल असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे. डुक्कर कापायचं काम आटोपलं, यंदाचं सॉसेज जरा जास्तच तिखट झालंय. गुडघे कुरकुरतात. यास्नाला मुलगी झाली, तेना. माझी पोरगी आई झाली म्हणजे आपण किती म्हातारे झालो बघ.

अठ्ठावीस वर्षांनी पहिलं पत्र, आणि मी सॉसेजचं सांगतोय. हसू नकोस.

गेल्या रविवारी यास्ना मला सिनेमाला घेऊन गेली. आपल्याच एक्क्याण्णवच्या लढाईवरचा, नवा. गावातल्या पोरांनी तीन-तीनदा पाहिलाय. मी आधी नाक मुरडत बसलो. महिनाभर खंदकात राहिलेल्यांचे दात इतके पांढरे? तुझ्या मोज्यांचा वास पडद्यातून आला असता तर अख्खं थिएटर रिकामं झालं असतं! पण मग ती पोरं एकमेकांची आई-बहीण काढत एकाच डब्यातले मासे बोटांनी खायला लागली आणि मी नाक मुरडायचं विसरलो. लोक असल्या सिनेमाला बंदुकांसाठी जातच नाहीत रे. आपल्यालाही कुणीतरी इतक्या हक्काने शिव्या घालाव्यात म्हणून जातात. मला तुझ्यानंतर तशा कुणी घातल्या नाहीत.

शेवटी एक जण जखमी मित्रासाठी माघारी फिरतो. सगळे रडत होते. यास्नाने माझा हात दाबला. "बाबा, तुम्हीही अंतुनकाकांना असंच उचलून आणलंत ना?"

ती शाळेत होती तेव्हापासून मीच तिला तसं सांगत आलोय.

त्या मक्यात तू पडलास आणि "ग्रगा!" म्हणून ओरडलास. मी ऐकलं होतं. दवाखान्यात तुला म्हणालो की ऐकू आलं नाही, ते खोटं. मी पळालो. तुला दुसऱ्या तुकडीतल्यांनी आणलं, दोन तासांनी. तुझा पाय त्या दोन तासांत गेला.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. दोन दिवस तेनाला माझ्या हातात दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पीठ मळता मळता म्हणाली, "तेनाचे कुम, धर्मपिता, अंतुनकाकाच होतील. बाप्तिस्म्याला तिला तेच हातावर धरतील. जा, विचारा."

"अगं, कोणत्या तोंडाने?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

आपली रीत तुला ठाऊक आहे. बाटली घेऊन दारात जायचं, आणि कुम व्हा म्हणत दारात आलेल्याला 'नाही' म्हणायचं नसतं, पाप लागतं. यास्नाने बाटली बांधूनही ठेवलीय. पण मी येत नाही. तुला रीतीत अडकवून 'हो' वदवून घेतलं, तर तोही पळपुटेपणाच. पत्राला नाही म्हणता येतं. नाही म्हणालास तरी तेनाला मी खरीच गोष्ट सांगेन.

चुकलो, अंतुन. मला माफ कर.

ईस्टरनंतरचा रविवार, सकाळी अकरा. अकरा वाजून गेले तरी मी फादरना थांबवून धरीन. या वेळी मी थांबणार आहे.

तुझी वाट पाहणारा,
ग्रगा